‘उचलू की’च्या मुलखात

माझं बूड एका जागी टिकत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. वास्तविक माझ्याइतकी बसून असणारी बाई अख्ख्या नाशकात शोधून सापडायची नाही. ऐन तारुण्यात एका घाटात जीप उलटली, कमरेखालचं अंग गेलं, आणि तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. पण बसून असणं वेगळं आणि टिकून बसणं वेगळं. चार दिवस सलग घरात गेले की भिंती अंगावर यायला लागतात, वहिनीशी विनाकारण भांडावंसं वाटतं, आणि मग वहिनीच म्हणते, “जा बाई, कुठेतरी जाऊन ये एकदाची.”

या वेळी जायला कारण होतं. मी घरी बसून संगणकावर मराठी टायपिंग शिकवते. मुली तिकडे फोनसमोर बसतात, मी इकडून त्यांच्यावर ओरडते. त्यातलीच एक मंदा. श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या पुढच्या एका गावात राहते. गावाचं नाव छापू नका, असं तिथल्या सरपंचबाईंनी मला बजावलं आहे आणि मी ते पाळणार आहे. बारावीच्या निकालाची वाट बघत असताना मंदा उसाच्या ट्रॉलीवरून पडली आणि तिच्या पाठीचा कणा गेला. त्यानंतर बरीच वर्षं घरातच. आता ग्रामपंचायतीत दाखले-उतारे काढून देण्याचं जे केंद्र असतं, तिथे तिची नेमणूक झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आयुष्यातली पहिली नोकरी. केंद्र होतं जुन्या चावडीच्या इमारतीत आणि चावडीला पायऱ्या. पंचायतीने तिच्यासाठी एक उतार बांधायला घेतला होता.

“ताई, तुमी या,” ती फोनवर म्हणाली. “उतार झालाय म्हनत्यात. आधी तुमी चढून बघा, मंग मी चढते. मला लई भ्या वाटतंय.”

“कशाचं? पडायचं?”

“पडायचं न्हाई. उचलायचं.”

ज्याला कधी कुणी खुर्चीसकट उचललेलं नाही, त्याला हे कळायचं नाही. चार माणसं हौसेने पुढे येतात. त्यातले दोघे हमखास चाकाला धरतात, चाक फिरतं, हात सटकतो, आणि आपण आभाळाकडे बघत कलंडतो. कुणाचा तरी घाम आपल्या गालाला लागतो. वर पोचल्यावर सगळे हसतात, म्हणून आपणही हसतो. उतरायच्या वेळी त्या चौघांतले दोघे गायब असतात. मंदाला आजवर तिचा भाऊ उचलायचा. तो आता सुप्याच्या कारखान्यात लागला होता, आठवड्यातून एकदा घरी येणार. गावातली माणसं म्हणत होती, आम्ही आहोत की, रोज उचलू. मंदाने सांगून टाकलं होतं, पोत्यासारखं रोज उचलून न्यायचं असेल तर मी नोकरी करणार नाही. मला तिचं पटत होतं आणि त्याच वेळी धास्तीही वाटत होती, कारण ती बोललेलं करून दाखवणारी मुलगी आहे.

शुक्रवार, नगर

नावं बदलली तरी आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. स्टँडाबाहेर अंकुशराव गाडी घेऊन उभे होते. मूळचे तिसगावचे, आता केडगावात राहतात, भाड्याने गाडी चालवतात. वय पन्नाशीचं, मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. मला बघून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि आमच्या ओळखीतलं पहिलं वाक्य उच्चारलं.

“म्याडम, उचलू की!”

मी पिशवीतून माझी गुळगुळीत फळी काढली, खुर्ची आणि गाडीची सीट यांच्यामध्ये टाकली आणि तिच्यावरून घसरत आत जाऊन बसले. अंकुशराव बघतच राहिले. पाहुण्याने जेवणाचं ताट परत करावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आमच्या नाशकात माणसांना खुर्ची दिसली की ती फोनमध्ये बघायला लागतात. नगरकडे तसं नाही. इथे माणसं हातातला चहा खाली ठेवून धावत येतात. माया आहे, खोटं कशाला बोलू? पण उचलून झालं की माणसं चहाकडे परत जातात आणि पायरी जिथल्या तिथे राहते. त्या दिवसभरात मी ‘उचलू की’ इतक्या तोंडांनी ऐकलं की शेवटी शेवटी तो मला इथला रामराम वाटायला लागला.

मला किल्ला बघायचा होता. खंदकाच्या कडेने अंकुशरावांनी गाडी सावकाश फिरवली, मग मी उतरून जमेल तेवढी खुर्ची ढकलली. पौषातली थंडी, वारा कोरडा, बाभळीच्या सावलीत शेळ्या. दहा मिनिटं बरं वाटलं आणि मग नेहमीसारखी चुळबुळ सुरू झाली. या चुळबुळीचं एक कारण सांगायला लाजायचं काही कारण नाही. प्रवासात मी पाणी पीत नाही, कारण प्यायलेलं पाणी उतरवायचं कुठे हा प्रश्न असतो. तरी शरीर ते शरीर.

जवळच्या एका सरकारी कचेरीत शिरलो. दारापाशी झकास उतार होता, भिंतीवर खुर्चीचं निळं चित्र आणि त्याखाली ‘दिव्यांग प्रसाधनगृह’ अशी ठसठशीत पाटी. दाराला कुलूप. किल्ली एका शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेला. तो सावकाश ढेकर देत आला, कुलूप उघडलं, तर आत झाडू, फिनेलचे डबे आणि बिघडलेला कूलर.

“कुणी येतच न्हाई ना हो दिव्यांग,” तो म्हणाला.

“मी आलेय ना?”

“व्हय, पन तुमी एकट्याच.”

“अहो, कुलूप लावल्यावर येणार कुठून?”

त्यावर त्याने खरोखर विचार केला. मग कूलर ओढत बाहेर काढला, डबे काढले, पाण्याची बादलीही आणून ठेवली. माणूस वाईट नव्हता. मी बाहेर आले तेव्हा डबे पुन्हा आत ठेवायला तो दारात टपलेलाच होता, तेव्हा मात्र माझा पारा चढला आणि मी त्याला बरंच सुनावलं. अंकुशराव मान खाली घालून दारापाशी उभे होते.

नगरमध्ये दिवसभरात कुणाशी न भांडता मला आत जाता आलं ते फक्त एका ठिकाणी. शहराच्या जुन्या भागात एक दगडी चर्च आहे. लिंबाची झाडं बघून मी तिथे थांबले. फाटकाजवळ सुशीलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका ऊन खात बसल्या होत्या. मी पायऱ्यांकडे बघतेय हे बघून त्या उठल्या, मागच्या खोलीतून एक लांब, जाड, सागवानी फळी त्यांनी आणि अंकुशरावांनी मिळून आणली आणि पायऱ्यांवर टाकली. फळीच्या पृष्ठभागावर घसरू नये म्हणून पट्ट्या ठोकलेल्या होत्या. मी कुणाचा हात न लागता वर गेले.

“किती छान केलीय! तुमच्याकडे कुणी खुर्चीवर येतं का?”

“नाही गं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “मयताची पेटी गाडीवर असते ना, तिच्यासाठी केलीय.” मग माझा चेहरा बघून त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “तू आपली जिवंतपणी वापरून घे.”

मीही इतकी हसले की त्या शांत चर्चमध्ये माझा आवाज घुमला. त्यांनी मला गेल्या नाताळातल्या उरलेल्या करंज्या खायला दिल्या. त्या जरा वातड झाल्या होत्या, पण गोड होत्या.

मुक्काम केडगावात, अंकुशरावांच्या ओळखीच्या लॉजवर. खोली तळमजल्यावर, उंबरठा नाही, पलंग योग्य उंचीचा, सगळं कसं नामी. फक्त न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. बोटभराने अडलं होतं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. लॉजचा मालक आला, त्याने दार बघितलं, खुर्ची बघितली, पुन्हा दार बघितलं. आता हा ‘उचलू की’ म्हणणार म्हणून मी दात आवळून बसले.

“ही दाराची फळीच आड येतीय,” तो म्हणाला. “काढू की!”

आणि त्याने खरंच पान्हा आणून अख्खं दार बिजागरीतून काढलं, भिंतीला टेकवलं आणि चौकटीत फुलाफुलांची चादर अडकवून दिली. खुर्ची आत गेली. मी त्या माणसाला पोटभर आशीर्वाद दिले. उचलू की आणि काढू की, एकाच मातीतले दोन शब्द, पण त्यांच्यात केवढा फरक! पहिल्यात मी हलते, दुसऱ्यात अडथळा हलतो.

शनिवार, काष्टीचा बाजार

काष्टीला पोचलो तर बाजार भरलेला. जनावरांचा बाजार बघायची मला फार हौस. अंकुशराव म्हणत होते, “धूळ लई हाय म्याडम, गाडीतूनच बघा.” पण मला गाडीत बसवेना. शेवटी त्यांनी खुर्ची काढली आणि मी त्या गर्दीत घुसले. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, उपरण्याखाली बोटं दाबून चाललेले सौदे. माझी चाकं शेणात आणि मातीत रुतत होती, लोक बाजूला सरकत होते, एक म्हातारा तर बैल सोडून माझ्याच खुर्चीचं चाक हाताने फिरवून बघायला लागला. “बेरिंग चांगली हाय,” असा त्याने निकाल दिला.

बाजाराच्या कडेला टेम्पो लागले होते. तिथे मातीचा एक लांबलचक उंचवटा होता, सावकाश चढत जाणारा, चोपून चोपून घट्ट केलेला. वरचं टोक टेम्पोच्या फाळक्याइतकं उंच. बैल त्यावरून डुलत डुलत चालत जायचे आणि थेट टेम्पोत शिरायचे. याला इकडे धक्का म्हणतात. रांगेत खंड पडल्यावर मी खुर्ची वळवली आणि त्या धक्क्यावर चढले. मनगटांना जरासुद्धा तक्रार करायला जागा नव्हती. वर पोचून मी टेम्पोच्या तोंडाशी उभी राहिले, म्हणजे बसले, आणि खालची गर्दी टकामका बघायला लागली.

“म्याडम, तुमाला बी न्यायचं का श्रीगोंद्याला?” टेम्पोवाला ओरडला.

सगळे हसले, मीही हसले. पण उतरताना माझ्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. नगरात मी काल दिवसभर फिरले होते. मेलेल्यांसाठी फळी होती. आज बैलासाठी धक्का होता. बैलाला कधी कुणी म्हणालं नसेल, चल, उचलू की. मी हे अंकुशरावांना बोलून दाखवलं. ते नुसते गाडी चालवत राहिले.

चावडीपाशी

मंदाला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. फोनवर फक्त चेहरा दिसायचा. ती माझ्या कल्पनेपेक्षा उंच निघाली, बसल्या बसल्याही. मला बघून तिने खुर्ची अशी जोरात पळवली की आमची चाकं एकमेकींवर आपटली. तिची आई ताराबाई मागून पदराला हात पुसत आली. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर, शिलाई मशीन आणि खिडकीशी मंदाचा संगणक. अख्ख्या घरात कुठेच उंबरठा नव्हता. भावाने फोडून काढला होता.

चावडी तिथून जवळच. उतार बघितला आणि माझा जीव भांड्यात पडला. चांगला लांब, रुंद, कडेला लोखंडी पाइप, वर सिमेंट खरवडून ठेवलेलं, म्हणजे चाक घसरू नये. पायथ्याशी कुणीतरी मोटारसायकल लावली होती, ती अंकुशरावांनी हलवायला लावली. सरपंचबाई आल्या होत्या, गवंडी नामदेवराव आले होते, पाच-सात माणसं पारावर बसली होती. मंदा खाली थांबली. मी चढायला लागले. अर्ध्यावर एक दम घेतला, पुन्हा ढकललं, वर पोचले, आणि धाडकन थांबले.

दारात उंबरा होता. नवाकोरा, काळ्या दगडाचा, चांगला चार बोटं उंच. वर हळदीकुंकू, पुढे रांगोळीची वेल. माझी पुढची छोटी चाकं त्याच्यावर आपटली आणि खुर्ची मागे कलायला लागली. मी कसाबसा पाइप धरला.

“धरा, धरा! उचलू की!” पारावरचे सगळे उठले.

“कुणी हात लावायचा नाही!” मी किंचाळले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मी खाली येऊन नामदेवरावांना विचारलं, “अहो, एवढा सुरेख उतार केलात आणि तोंडाशी हा दगड कशाला?”

त्यांना माझा प्रश्नच कळेना. “दार हाय न्हवं ते? उंबऱ्याबिगर दार म्हंजी भगदाड. पावसाचं पानी येतं, इंचूकाटा येतो.”

“पण आधी नव्हता ना एवढा उंच?”

“आधीचा लाकडी हुता, पार झिजलेला.” ते अभिमानाने म्हणाले, “मंदा आता हापिसात यायची. आपल्या गावची पोरगी पयल्यांदा खुर्चीत बसनार. म्हनून म्हनलं, जुनाट उंबऱ्यावरून नको यायला. मुद्दाम नवा दगड घडवून आनला. पूजा केली सरपंचबाईंनी.”

हसावं की रडावं मला कळेना. तिच्या मानासाठी म्हणून यांनी तिची वाट बंद केली होती, आणि तीही आधीपेक्षा जास्त.

“काढता येईल ना तो?” मी विचारलं.

सरपंचबाई कसनुशा झाल्या. बाई भल्या होत्या, उताराचा ठराव त्यांनीच रेटला होता. “पूजा झाल्याली हाय ताई. पुजलेला उंबरा काढला आन उद्या गावात काय वंगाळ झालं, तर समदे माझ्या नावानं बोटं मोडतील. आन चार बोटं तर हाय. तेवढ्यापुरतं उचलू की. समोरच दुकानं हायेत, कुनी बी येईल.”

मागे चाकांचा आवाज आला. मंदाने खुर्ची वळवली होती. ती घराकडे चालली होती.

संध्याकाळी ताराबाईंनी हुलग्याचे शेंगोळे केले. लसणाचा झणझणीत रस्सा, सोबत ज्वारीची भाकरी आणि लिंबाचं लोणचं. इतकं चविष्ट जेवण मी त्या सबंध प्रवासात जेवले नव्हते, आणि तरी माझी पहिली भाकरी संपत नव्हती. मंदा ताटात बोट फिरवत होती.

“चार बोटांपायी नोकरी सोडली, असं म्हनतील आता,” ती म्हणाली. “नखरेल हाय म्हनतील.”

“म्हणू देत.”

“तुमाला काय जातंय म्हनायला? तुमी जानार परवा नाशकाला.”

ते मला लागलं, कारण खरं होतं. मी उठून फेऱ्या मारू शकत नाही, म्हणून खुर्ची पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. ताराबाई चुलीपाशी बसून आमचं ऐकत होत्या.

रविवार

रात्री मी मंदाकडेच राहिले आणि सकाळी पुन्हा चावडीवर गेले. मंदा यायला तयार नव्हती, पण आली. ताराबाईही आल्या, आणि रात्री काष्टीच्या एका लॉजवर राहिलेले अंकुशराव गाडी घेऊन आले. सरपंचबाई, नामदेवराव, पारावरची माणसं सगळी हजर. बोलणं सुरू झालं आणि जिथल्या तिथे गोल फिरायला लागलं. कुणी म्हणालं, उंबऱ्यावर लाकडाची पाचर ठेवू. नामदेवराव म्हणाले, जागा कमी पडंल, पाचर सरकली की खुर्ची उलटंल. कुणी म्हणालं, मागच्या दाराने. मागच्या दाराला पायऱ्या. मग फिरून फिरून कुणीतरी तेच म्हणायचं: उचलू की.

माझी चिडचिड इतकी झाली होती की आता मी काहीतरी वाकडं बोलणार होते. तेवढ्यात माझ्यामागून अंकुशरावांचा भरघोस आवाज आला.

“नामदेवराव, एक इचारू का? काष्टीच्या बाजारात बैलाचा धक्का हाय. त्याच्या तोंडाला उंबरा का न्हाई वो?”

“कशाला आसंल? बैल अडखळंल ना!”

म्हणून झाल्यावर नामदेवराव स्वतःच वळून आपल्या उंबऱ्याकडे बघायला लागले. पारावर कुणीतरी खोकलं. मी अंकुशरावांकडे वळून बघितलं, तर ते तिसरीकडेच बघत मिशीवरून हात फिरवत होते.

“ते खरं हाय,” सरपंचबाई म्हणाल्या. “पन पुजलेला दगड...”

तेव्हा ताराबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, पदर नीट केला नाही, जाता जाता सांगावं तसं म्हणाल्या. “माझा सासरा ह्याच दाराभायेर हुबा ऱ्हायचा. कागद आनायला आला की उंबऱ्याभायेर. आतून कागद फेकायचे, त्यो खाली वाकून उचलायचा.” मग त्या पुढे म्हणाल्या, “त्याचे पाय धड हुते.”

पारावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. मंदा आईकडे बघत होती. ही गोष्ट तिने पूर्वी ऐकलेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

सरपंचबाईंनी भरल्या डोळ्यांनी नामदेवरावांकडे पाहिलं. “काय करायचं, भाऊ?”

नामदेवरावांनी डोक्याची टोपी सारखी केली.

“काढू की,” ते म्हणाले. “त्यात काय एवढं.”

तो शब्द ऐकला आणि मला हुंदका आला. मी धूळ गेल्याचं नाटक करून डोळे पुसले, पण अंकुशरावांना कळलंच असणार.

दगड मात्र फेकायला नामदेवराव तयार झाले नाहीत. पुजलेला तो पुजलेलाच. त्यांनी छिन्नी-हातोड्याने तो उखडला, दाराखालची फरशी खोदली आणि तोच दगड फरशीच्या पातळीत बसवला, वरचा भाग जमिनीला सपाट. वर चाक फिरवून बघायला मला बोलावलं, पण सिमेंट ओलं होतं. म्हणून त्यावर पत्र्याचा मोठा तुकडा टाकला, दोन दिवस राहू दे म्हणाले. पत्रा जरासा पोकळ बसला होता. वरून कुणीही गेलं की दणकन वाजायचा. दुपारभर गावातली माणसं काही ना काही निमित्ताने आत जाऊन तो वाजवून येत होती.

सोमवार

निघायची माझी वेळ झाली होती, पण मी काही हलले नाही. मंदा इस्त्रीच्या निळ्या ड्रेसमध्ये आली. केसांत गजरा होता, तो बहुधा सरपंचबाईंनी दिलेला. भाऊ सुप्याला कामावर होता. पारावर नेहमीपेक्षा बरीच माणसं होती, आणि प्रत्येकजण आपण सहज बसलोय असं दाखवत होता.

तिने चाकांना हात लावला आणि चढायला सुरुवात केली. मी चढले होते त्यापेक्षा हळू. मध्यावर ती थांबली. खुर्ची तसूभर मागे सरकली. पारावरची चार-पाच माणसं सवयीने एकदम उभी राहिली, अंकुशरावांनी तर बाही सरसावली. मलाही धावत जाऊन मागून ढकलावंसं वाटलं, खरंच सांगते. मी स्वतःचीच चाकं घट्ट धरून ठेवली. सगळे तसेच उभे राहिले आणि कुणीही पाऊल पुढे टाकलं नाही. मंदाने ओठ चावला, खांद्याने जोर काढला, एकदा, पुन्हा एकदा. मग पत्रा दणकन वाजला आणि ती आत गेली.

आत संगणक सुरू झाल्याचा आवाज आला. सरपंचबाईंनी पेढे वाटले, नामदेवरावांनी दोन खाल्ले. मी गाडीकडे वळले, आणि माझ्या लक्षात आलं की ताराबाई दारात उभ्या आहेत. त्यांच्या हातात मंदाचा डबा होता. आत-बाहेर सगळे जात-येत होते, पण त्या तिथेच होत्या, पत्र्याच्या एक वीत अलीकडे, भिंतीला पाठ लावून. आपण तिथे का थांबलोय, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

मंदाने खुर्ची फिरवून दाराकडे बघितलं.

“आये,” ती म्हणाली, “भायेर का हुबी? आत ये की.”

ताराबाईंनी चपला काढल्या. पत्रा दणकन वाजला.